शिट्टी कोणाची

"मावशी, सील मात्र तोडू नकोस हं." भाच्याने मला हे तीनदा बजावलं होतं, दोनदा मेसेजवर आणि एकदा खास फोन करून. २०२३ च्या डिसेंबरात मी पुण्याला ताईकडे निघाले होते आणि त्याने एकच वस्तू मागितली होती: डे ला सोल या तिघांच्या अमेरिकन रॅप गटाच्या 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' या अल्बमची नव्याने निघालेली एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड. रेकॉर्ड मोठ्या बॅगेत टाकायची हिंमत होईना. दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून, वरून माझ्या दोन सुती साड्या गुंडाळून मी ती नेवार्कपासून हातातच नेली. सोळा तास डोक्यावरच्या कप्प्यात कोणी काही कोंबायला आलं की मी अर्धी उठून बघायचे. पुण्यात पोचल्यावर त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, उजेडात धरून चारही कोपरे तपासले, प्लास्टिकवरून हलकेच बोट फिरवलं आणि टेबलावरच्या फळीवर दर्शनी उभी करून ठेवली. शेजारी आणखी सात-आठ रेकॉर्ड्स होत्या, सगळ्या सीलबंद. मी खोलीभर नजर फिरवली, तर रेकॉर्ड प्लेअर कुठेच नाही. "अरे, पण ऐकणार कशावर?" मी विचारलं. तो हसला. "मावशी, फोनवर आहे ना सगळं."

त्याने हे इतक्या सहज म्हटलं की मीही मान डोलावली आणि ताईने हाक मारली म्हणून चहाला उठले. पण ते वाक्य माझ्याबरोबर जर्सीला परत आलं. भांडी घासताना, ट्रेनमध्ये, रात्री दिवा मालवल्यावर ते मधूनच वर यायचं.

फोनवर आहे ना सगळं.

माझी पहिली प्रत मला १९९८ साली मिळाली, जर्सी सिटीत, एका चर्चच्या तळघरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत. मी वायटूकेच्या, म्हणजे संगणकांना साल २००० नीट ओळखता यावं म्हणून चाललेल्या, कामावर आलेली, सहा महिन्यांची नवी, चौघींत एक फ्लॅट. कपबशा आणि इस्त्र्यांच्या पलीकडे दुधाच्या क्रेटमध्ये रेकॉर्ड्स उभ्या लावल्या होत्या. ओल्या पुठ्ठ्याचा आणि धुळीचा तो वास मला लगेच डोंबिवलीच्या आमच्या माळ्यावर घेऊन गेला. त्या सगळ्या काळ्या-तपकिरी गठ्ठ्यात एक कव्हर झगझगीत पिवळं होतं. तीन पोरांचे चेहरे आणि भोवती मोठमोठी, शाळेतल्या मुलींनी वहीच्या मागच्या पानावर काढावीत तशी फुलं. आत काय आहे याची मला काडीचीही कल्पना नव्हती. फुलांसाठी दोन डॉलर दिले. तिथेच एक प्लेअरही मिळाला, त्याची सुई झिजलेली होती. घरी येऊन रेकॉर्ड लावली तर आधी गाणंच नाही, टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेसारखी कसली तरी गडबड. मग ठेका, मग हसणं, मग कोणीतरी फ्रेंच शिकवतंय, मग पुन्हा ठेका. त्या पोरांच्या बोलीतलं मला निम्मंही कळलं नाही. पण एकाच वेळी चार आवाज चालू असणं मला चांगलंच ओळखीचं होतं. आमच्या दोन खोल्यांत रेडिओ, कुकर, शेजारच्या काकूंचं भांडण आणि मागून जाणारी लोकल हे सगळं एकदमच वाजायचं आणि त्यातच अभ्यास व्हायचा. परक्या देशात सहा महिने मी नीटनेटक्या शांततेत काढले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा खोलीत घरासारखा गलका झाला.

आणि मग ती शिट्टी. 'आय नो' नावाच्या गाण्यात मधूनच एक शिट्टी येते. दुपारी काही काम नसलेला माणूस पाण्याच्या कडेला बसून वाजवेल तशी, घाई नसलेली. पहिल्या दिवशी मी सुई उचलून तेवढाच भाग पाच-सहा वेळा ऐकला असेल. ती शिट्टी या पोरांपैकी कोणाचीच नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. ती ओटिस रेडिंग या गायकाची, 'डॉक ऑफ द बे' या गाण्याच्या शेवटची. गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६७ ला, विमान अपघातात तो गेला, २६ व्या वर्षी. गाणं बाजारात आलं ते पुढच्या जानेवारीत. म्हणजे त्या शिट्टीवर सगळी अमेरिका डोलली तेव्हा शिट्टी वाजवणारा उरला नव्हता. वीस-एकवीस वर्षांनी लाँग आयलंडवरच्या अ‍ॅमिटीव्हिल गावातल्या तीन मित्रांनी आणि त्यांच्याच गावच्या प्रिन्स पॉल या निर्मात्याने ती उचलली आणि स्टीली डॅन या बँडच्या 'पेग' या गाण्याच्या तुकड्याशेजारी ठेवली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण शेजारी बसल्यावर असं वाटतं की ते जन्मापासून एकत्र होते.

हे मला समजायला गोधडीची मदत झाली. आई गोधडी शिवायची तेव्हा आधी जमिनीवर सगळे तुकडे मांडून बसायची. आजीच्या नऊवारीचा काठ, माझा आखूड झालेला फ्रॉक, बाबांच्या लेंग्याचं कापड, वर कोणाचा तरी विटलेला परकर. मग एक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायची, लांब जाऊन बघायची, पुन्हा हलवायची. धावदोरा शेवटी. खरी गोधडी त्या मांडण्यात व्हायची. या अल्बममध्ये साठहून अधिक तुकडे आहेत असं म्हणतात, आणि बहुतेक घरातलेच: आईबापांच्या कपाटातल्या, मित्रांच्या घरच्या रेकॉर्ड्स. अल्बमचं नावसुद्धा जॉनी कॅश या गायकाच्या पुरावरच्या एका गाण्यावरून उचललेलं. तिघांतला डेव्हिड जोलिकर स्वतःला ट्रुगॉय म्हणवायचा, कारण त्याला योगर्ट फार आवडायचं आणि तो शब्द उलटा केला की ट्रुगॉय होतो. वीस वर्षांच्या मुलाने दह्याचं नाव उलटं करून घ्यावं आणि त्याच नावाने जगाने त्याला ओळखावं, याचं मला फार अप्रूप आहे. तेव्हाचं बाकीचं रॅप छाती काढून उभं असायचं. हे तिघं फुलं घेऊन आले होते.

गोधडीतले तुकडे मात्र आपल्याच मालकीचे असतात. इथे प्रश्न वेगळा होता.

तो प्रश्न मला आईनेच विचारला. २००२ च्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा अमेरिकेला आली होती. जर्सी सिटीच्या नेवार्क अव्हेन्यूवर, जिथे सगळी आपली दुकानं आहेत, आम्ही मेथी आणि कढीपत्ता घेऊन बाहेर पडलो. सिग्नलला एक गाडी थांबलेली, काचा खाली, आत दोन काळी पोरं, आणि स्पीकर एवढा मोठा की छातीत दणका बसत होता. आई एकदम थांबली. पिशवी हातात तशीच. "अगं, थांब. ही लता आहे." मी म्हटलं, आई, चल, सिग्नल सुटेल. "अगं ऐक तरी, लताच आहे ही!" आणि खरंच होती. 'अ‍ॅडिक्टिव्ह' नावाचं ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं गाणं तेव्हा जिथे-तिथे वाजत होतं, आणि त्याच्या पोटात १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातलं बप्पी लाहिरींचं 'थोडा रेशम लगता है' जवळजवळ अखंड होतं. डीजे क्विक या निर्मात्याने ते उचललं होतं. गाडी गेली तरी आई फुटपाथवर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या अंगणात दिसल्यावर होतो तसा गोंधळही. घरी येऊन मी तिला समजावलं की जुन्या गाण्याचा तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवला की त्याला सॅम्पल म्हणतात. पिवळी रेकॉर्ड लावली, शिट्टी ऐकवली, गोधडीचं उदाहरण दिलं आणि माझं मलाच ते फार पटलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मेथी निवडत होती. मग म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण नाव लिहिलंय का तिचं कुठे?"

नव्हतं लिहिलेलं. पुढे लॉस एंजेलिसच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि २००३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय ती सीडी विकता येणार नाही. मी आईला फोन करून ही बातमी दिली. "मग बरोबर झालं," एवढंच म्हणाली आणि ताईच्या बाळंतपणाविषयी बोलायला लागली. पोटात होता तो हाच भाचा.

आईच्या त्या एका प्रश्नामुळे मी माझ्या लाडक्या रेकॉर्डकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. कारण तिथेही तेच घडलं होतं. त्या अल्बमवर मिनिटभराचा एक तुकडा आहे, 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स'. त्यात फ्रेंचच्या धड्याखाली टर्टल्स या साठच्या दशकातल्या बँडच्या गाण्याचा काही सेकंदांचा भाग पुन्हापुन्हा फिरतो. त्यांना विचारलं नव्हतं. ते कोर्टात गेले, प्रकरण बाहेर मिटलं, पण सगळ्या धंद्याला धसका बसला. १९९१ च्या डिसेंबरात बिझ मार्की या रॅपरच्या विरोधातल्या दुसऱ्या एका खटल्यात तर न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. तिथून पुढे प्रत्येक तुकड्यासाठी दोन दारं ठोठावावी लागायला लागली, एक मूळ रेकॉर्डच्या मालकाचं आणि एक गाणं लिहिणाऱ्याचं. साठ तुकड्यांची गोधडी म्हणजे सव्वाशे दारं. तसा अल्बम पुन्हा बनवणं कोणाच्या खिशाला परवडेना. मला आईचं पटत होतं आणि हे नुकसानही दिसत होतं. आजही माझ्यात या दोन गोष्टींचा निकाल लागलेला नाही. ज्यांच्या घामाचं आहे त्यांना विचारलंच पाहिजे. आणि विचारत बसले असते तर ती पोरं पहिला तुकडा जोडण्याआधीच म्हातारी झाली असती.

मग फोनचा जमाना आला आणि ही मंडळी त्यातून गायबच झाली. १९८९ च्या करारांमध्ये एलपी आणि कॅसेटची भाषा होती, पुढे येणाऱ्या साधनांचं नावही नव्हतं. त्यामुळे कोणाच्याही फोनवर सगळं जग वाजत असताना डे ला सोल वाजत नव्हते. जुनी रेकॉर्ड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच ते उरले. १४ फेब्रुवारी २०१४ ला तिघांनी कंटाळून आपले सगळे अल्बम २५ तासांसाठी फुकट वाटले. ईमेल पत्ता द्यायचा, की उतरवून घ्यायची लिंक येई. त्या दिवशी इकडे बर्फ पडून गेलं होतं, मी फावड्याने गाडी मोकळी करून, ओल्या मोज्यांनिशीच कॉम्प्युटरसमोर बसले. स्वतःचं काम लोकांपर्यंत पोचावं म्हणून माणसांनी ते असं दारात ठेवून द्यावं, याचं मला रडूच आलं. २०१९ मध्ये एकदा सगळं ऑनलाइन येणार असं ठरलं होतं, पण समोर ठेवलेल्या व्यवहारात आपल्या वाट्याला जेमतेम दहा टक्के येतात, असं गटाने जाहीरपणे सांगितलं आणि ते थांबलं. २०२१ मध्ये रिझर्व्हॉयर या कंपनीने त्यांची जुनी कंपनी टॉमी बॉय सुमारे दहा कोटी डॉलरना विकत घेतली, आणि मग एकेक तुकड्याची परवानगी काढायचं काम सुरू झालं. त्या कामात फेथ न्यूमन ही बाई होती, जिने नव्वदच्या दशकात कोवळ्या नास या रॅपरला कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये आणलं होतं. जिथे परवानगी मिळाली नाही तिथे तुकडा बदलावा किंवा पुन्हा वाजवून घ्यावा लागला. अखेर तारीख ठरली ३ मार्च २०२३, मूळ अल्बमला बरोबर ३४ वर्षं झाली तो दिवस.

१२ फेब्रुवारीला डेव्हिड जोलिकर गेला. ५४ वर्षांचा होता. एकोणीस दिवस कमी पडले.

मला ऑफिसमध्ये ही बातमी कळली तेव्हा आधी डोक्यात आली ती शिट्टी. तीही अशीच, वाजवणाऱ्याच्या मागे राहिलेली.

रीइश्यू, म्हणजे नव्याने काढलेला तो अल्बम, घरी आला तेव्हा मी तो दोन दिवस उघडला नाही. हे भाच्याला सांगायला हवं होतं, कारण सील न तोडण्याची ओढ मलाही कळते. तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या नखाने कडेचं प्लास्टिक चिरलं. त्याचा तो चर्र आवाज, नव्या शाईचा उग्र गोड वास, आतल्या कागदातून तबकडी सरकताना येणारी थोडीशी स्थिर वीज, जिने मनगटावरचे केस उभे राहतात. जुन्या एलपीत तासाभराहून जास्त मजकूर एकाच तबकडीवर कोंबलेला होता. खाचा इतक्या दाटीच्या की आवाज बारीक यायचा, आवाज वाढवला की खरखरही वाढायची. आता दोन तबकड्या, ऐसपैस. ढोल पोटातून यायला लागला. जुन्यात कधीच न ऐकू आलेलं मागचं कुजबुजणं ऐकू आलं. आणि तरी पहिल्या बाजूला मला सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. माझ्या प्रतीवर एका गाण्यात एक ओरखडा आहे, तिथे सुई टक करते आणि अर्धा शब्द गिळते. पंचवीस वर्षं मी तो शब्द गिळलेलाच ऐकत आले. नव्या प्रतीत तो पूर्ण आला आणि मी दचकले. चांगला आहे शब्द. पण माझा नाही वाटला.

या संग्राहकांच्या जगात मीही थोडीफार वावरते, त्यामुळे भाच्याला मी सरळ चूक म्हणू शकत नाही. नासचा 'इल्मॅटिक' घ्या. १९९४ चा, चाळीस मिनिटांच्या आतला, कव्हरवर सात वर्षांचा नास आणि त्याच्या चेहऱ्यातून दिसणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज वस्तीच्या इमारती. त्याची दहा वर्षांची आवृत्ती निघाली, वीस वर्षांची निघाली, आणि मी दोन्ही घेतल्या. ते गाडीच्या खडखडाटाने सुरू होतं एवढं एकच कारण डोंबिवलीच्या मुलीला पुरेसं असतं. दुकानात मी माणसांना रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून, लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला क्रमांक वाचताना बघते. देवळात हात जोडून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी एकाग्रता तिथे असते. ते वेड खोटं नाही. पण सीलबंद फळीवरची रेकॉर्ड बघितली की मला आईच्या कपाटातली ती एक गोधडी आठवते, पाहुण्यांसाठी म्हणून राखून ठेवलेली. इतकी वर्षं घडीत राहिली की घडीवरच फाटली. आई गेल्यावर मी ती उघडली तेव्हा चार तुकडे सुटून हातात आले. कोणता कोणाचा, ते सांगणारं कोणी नव्हतं.

मार्चच्या शेवटी ताईने फोनवर सांगितलं की पुण्यात उन्हाचा कडाका सुरू झालाय. मला एकदम ती फळी आठवली. दुपारी खिडकीतून ऊन थेट तिथेच येतं. सीलचं प्लास्टिक उष्णतेने आवळतं, आणि आवळलं की आधी कव्हर वाकतं, मग आतली तबकडी. मी भाच्याला लगेच लिहिलं की ती सावलीत ठेव, कपाटात उभी ठेव, दोन जाड पुस्तकांमध्ये. सील तोड असं मी लिहिलं नाही. फार मोह झाला होता.

रात्री दहाला त्याचा फोन आला, म्हणजे त्याची सकाळ. "ठेवली गं मावशी कपाटात. पण वाकली असेल तर कळणार कसं, न उघडता?"

"नाही कळणार," मी म्हटलं.

तो गप्प राहिला. मागून ताईच्या मिक्सरचा आवाज येत होता, बहुतेक चटणी वाटत होती. मग तो म्हणाला, "तुझी उघडलेली आहे ना? तू लाव. मी ऐकतो." मी म्हटलं, अरे, तुझ्या फोनवर आहेच की. "हो, पण तू लाव."

मी उठले. तबकडी काढली, ब्रशने धूळ पुसली, फोन स्पीकरसमोर पुस्तकाला टेकवून ठेवला आणि सुई 'आय नो'च्या आधीच्या काळ्या पट्टीत अलगद सोडली. दोन सेकंद नुसती सुई बोलली. मग गाणं सुरू झालं. पलीकडचा मिक्सर थांबला. शिट्टी आली तशी मी श्वास रोखला, पुन्हा आली, आणि गाणं संपेपर्यंत दोघंही काही बोललो नाही.

"ही शिट्टी कोणाची आहे गं?"

"ओटिस रेडिंगची."

"आणि खाली ते जे वाजतंय, ते?"

"थांब," मी म्हटलं, आणि सुई उचलून पुन्हा सुरुवातीला नेली.